किमान वेतनाची कमाल मर्यादा

ब्रिटनमधल्या हॉटेलमालकांच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलेलं आहे: आता परवडत नाही. 1 एप्रिल 1999 ला या देशात राष्ट्रीय किमान वेतन लागू झालं, तासाला 3 पौंड 60 पेन्स. तेव्हा परवडत नव्हतं. 2016 मध्ये जॉर्ज ऑस्बर्न या हुजूर पक्षाच्याच अर्थमंत्र्यानं तो दर 7.20 वर नेला, तेव्हाही परवडत नव्हतं. एप्रिल 2026 पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराला तासाला 12.71 पौंड द्यावे लागतात, आणि आजही परवडत नाही. सत्तावीस वर्षं न परवडणारा धंदा एव्हाना बुडायला हवा होता. तो बुडाला नाही. किमान वेतन आलं तर लाखो नोकऱ्या जातील, असं 1998 मध्ये छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं भाकीत साफ खोटं ठरलं. लो पे कमिशन ही सरकारची सल्लागार संस्था दरवर्षी दर वाढवल्यावर नोकऱ्यांचं काय झालं ते तपासते, आणि ज्या संकटाची भीती घातली गेली ते तिला कधी सापडलं नाही. तरी प्रत्येक एप्रिलला तेच रडगाणं नव्यानं सुरू होतं.

मी हीथ्रो विमानतळाच्या पट्ट्यातल्या हॉटेलांत आधी खोल्या आवरल्या आणि पुढे अशाच एका हॉटेलच्या पगार-विभागात बसले. एक खोली किती मिनिटांत उरकावी लागते हे मला ठाऊक आहे, आणि ती उरकणारीच्या पेस्लिपवर कुठली कपात कुठल्या रकान्यात जाते हेही. म्हणून मालकांच्या संघटनांची पत्रकं वाचली की माझा संताप होतो. माझं म्हणणं एकच आहे. या देशात हॉटेल कामगाराचा पगार वाढला तो कायद्यानं वाढवायला लावला म्हणून. कायद्यानं याच्या खाली जायचं नाही म्हणून जी रेघ आखली, ती या धंद्यानं याच्या वर जायचं नाही अशी रेघ करून टाकली. त्या रेघेतूनही जेवढं खरवडता येईल तेवढं खरवडलं. आणि यात आपली मराठी माणसं मागे नाहीत, चांगली पुढे आहेत.

हे पहिल्यापासून असं नव्हतं, आणि ते कसं घडवलं गेलं हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा तपशिलात जाते. 1909 मध्ये विन्स्टन चर्चिल व्यापारमंत्री असताना इथे ट्रेड बोर्ड आली. जिथे कामगार दुबळा आणि विखुरलेला, अशा धंद्यांत मालक आणि कामगार यांनी एका मंडळात बसून दर ठरवायचे, ही त्यामागची कल्पना. हॉटेलं त्यात यायला 1943 उजाडलं. अर्नेस्ट बेव्हिन हा स्वतः कामगार संघटनेतून वर आलेला माणूस तेव्हा कामगारमंत्री होता. ऐन महायुद्धात त्यानं केटरिंग वेजेस अ‍ॅक्ट संसदेत आणला. शंभराहून अधिक हुजूर खासदारांनी त्याविरुद्ध मतं दिली, कारण हॉटेलमालकांना तेव्हाही परवडत नव्हतं. कायदा झाला, आणि त्यातून जी वेतन मंडळं निघाली त्यांच्या आदेशांत नुसता एक आकडा नसे. स्वयंपाक्याचा दर वेगळा, वेटरचा वेगळा, पोर्टरचा वेगळा, जादा वेळेचा वेगळा, राहणं-जेवण मालकाकडे असेल तर त्याचा हिशोब वेगळा. हातातलं कौशल्य वाढलं की पगाराची पायरी वाढते, हे कागदावर लिहिलेलं होतं.

1986 मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं या पायऱ्या तोडल्या. मंडळांनी फक्त एक किमान दर आणि एक जादा वेळेचा दर ठरवायचा, आणि एकवीस वर्षांखालच्यांचा विचारच करायचा नाही, असा कायदा केला. 1993 मध्ये जॉन मेजर यांच्या सरकारनं शेतमजुरांचं मंडळ सोडून उरलेली सगळी मंडळंच मोडीत काढली. पुढची सहा वर्षं हॉटेल कामगाराला कसलीही खालची मर्यादा उरली नाही. 1999 साली मजूर पक्षानं किमान वेतन आणलं, ते फार मोठं काम होतं आणि त्याचं श्रेय मी कधीच नाकारणार नाही. पण त्यांनी आणला तो एक आकडा. पायऱ्या परत आणल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात आजही हॉटेल कामगारांच्या वेतन-आदेशात स्वयंपाक्यांच्या श्रेणी आहेत आणि शनिवार-रविवारचे जादा दर आहेत, आणि तिथलीही हॉटेलं चालतात. ब्रिटनमध्ये मात्र काल कामाला लागलेला किचन पोर्टर आणि पंधरा वर्षं तंदूर सांभाळणारा आचारी, दोघांसाठी कायदा एकच आकडा सांगतो. तो आकडा वर चढत गेला तसा मालकांनी वरच्यांचा पगार जागच्या जागी ठेवला आणि खालचा दर येऊन वरच्याला भिडला.

मी खोल्या आवरत होते तेव्हा सुपरवायझर आणि आम्ही यांच्या तासाच्या दरात चांगला दीड-दोन पौंडांचा फरक होता. आज त्याच पट्ट्यात मी तीस पेन्स, चाळीस पेन्स फरक पाहते. तीस पेन्ससाठी सोळा बायकांची हजेरी, आजारपणं, पाहुण्यांच्या तक्रारी आणि हरवलेल्या वस्तूंची चौकशी कोण अंगावर घेईल? कुणी घेत नाही, आणि मग मालक म्हणतात की तरुणांना जबाबदारी नको असते.

स्वयंपाकघरात हे आणखी उघडं दिसतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी भारतातून कुशल आचारी आणायचा तर व्हिसाच्या नियमानं त्याला राहण्या-जेवणाची कपात वगळून वर्षाला किमान 29,570 पौंड द्यावे लागत. त्या वेळचं किमान वेतन तासाला 6.19 पौंड होतं, म्हणजे आठवड्याला 40 तास धरले तर वर्षाचे सुमारे 12,900. कुशल आचाऱ्याची किंमत बिनकौशल्याच्या कामाच्या दुपटीहून जास्त आहे, असं सरकारच सांगत होतं. आज तेवढ्याच तासांचं किमान वेतन वर्षाला 26,437 पौंड होतं, आणि मी पाहते त्या जाहिरातींत तंदुरी शेफला तीस ते पस्तीस हजार देऊ करतात. पूर्वी दुपटीहून जास्त असलेली किंमत आज किमान वेतनाच्या वर जेमतेम तेरा ते बत्तीस टक्क्यांवर आली. बिर्याणीचा दम ओळखणं, सत्तर माणसांच्या ऑर्डरी एकाच वेळी डोक्यात ठेवणं, भाजलेल्या हातांनी पुन्हा तंदुरात हात घालणं, या सगळ्याची किंमत एवढीच उरली.

तीही कागदावर. वर्षाला तीस हजार पगार ठरलेला आचारी आठवड्याला 46 तास राबला, तर त्याचा तासाचा दर 12.54 पौंड पडतो. म्हणजे तो कायद्याच्या खाली गेला. 55 तास राबला तर 10.49. आता मला एक असा आचारी दाखवा जो आठवड्याला 46 तासांत घरी जातो. सकाळी दहाला हजर, तीनला सुट्टी, साडेपाचला परत, रात्री अकरानंतर भांडी-ओटा आवरून बाहेर. मधले अडीच तास तो घरी जाऊ शकत नाही, कारण घर दूर आणि भाडं परवडत नाही, म्हणून मागच्या दाराशी क्रेटवर बसून राहतो. हे तास कुठल्याच हजेरीपत्रकात येत नाहीत. वार्षिक पगार या दोन शब्दांत या देशातल्या हजारो आचाऱ्यांची मजुरी बुडवली जाते.

एकदाच, फक्त एकदाच, कामगाराच्या हाती दोर आला होता. 1 जानेवारी 2021 पासून युरोपातून मुक्तपणे येणारी माणसं थांबली, करोनात गावाकडे गेलेली परतली नाहीत, आणि 2022 मध्ये या धंद्यात दीड लाखाहून जास्त जागा रिकाम्या पडल्या. तेव्हा न परवडणाऱ्या मालकांना अचानक परवडू लागलं. रुजू होण्याबद्दल बक्षीस, रोटा म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक चार आठवडे आधी, आठवड्याला दोन सुट्ट्या सलग. पण त्याच वर्षी महागाई ऑक्टोबरात 11.1 टक्क्यांवर गेली आणि एप्रिलची किमान वेतनवाढ होती 6.6 टक्के. वाढलेला पगार दुधात, पावात आणि गॅसच्या बिलात गेला. जागा भरल्या तशी बक्षिसंही गेली.

आता टीपबद्दल, कारण तिथे गिऱ्हाइकाची सर्वांत जास्त फसवणूक होते. ऑक्टोबर 2009 पर्यंत गिऱ्हाइकानं दिलेली टीप किमान वेतनात धरता येत असे. म्हणजे तुम्ही खुशीनं दिलेले पाच पौंड मालकाची कायदेशीर जबाबदारी भागवत. ते बंद झालं. मग कार्डानं दिलेल्या टीपमधून व्यवस्थापनाचा खर्च म्हणून टक्के कापायची पद्धत आली. पिझ्झा एक्स्प्रेसनं कापलेल्या आठ टक्क्यांवरून 2015 मध्ये एवढा गदारोळ झाला की त्यांना ती कपात मागे घ्यावी लागली. टीप सगळी कामगारांना द्या, हे कायद्यात यायला 1 ऑक्टोबर 2024 उजाडला. त्याच वर्षी लंडनच्या एका डिमसम साखळीनं बिलावरचा सर्व्हिस चार्ज काढला आणि त्या जागी पंधरा टक्क्यांचा ब्रँड चार्ज लावला, जो कामगारांना द्यायचं बंधन नव्हतं.

याहून मोठा खेळ ट्रॉन्कचा आहे. टीपची रक्कम एका वेगळ्या निधीत गोळा करून वाटली, आणि वाटपात मालकाचा हात नसला, तर त्यावर मालकाला नॅशनल इन्शुरन्स भरावा लागत नाही. एप्रिल 2025 पासून हा इन्शुरन्स 13.8 वरून 15 टक्के झाला, आणि वर्षाला 9,100 ऐवजी 5,000 पौंडांच्या वर लगेच लागू होऊ लागला. साहजिकच जाहिराती आल्या: तासाला सोळा पौंडांपर्यंत. नीट वाचलं तर मूळ पगार किमान वेतनाएवढाच असतो आणि बाकीचं गिऱ्हाइकाच्या खिशातलं असतं. डिसेंबरात ते मिळतं, जानेवारीत मिळत नाही. पेन्शनच्या हिशोबात ते बहुधा धरत नाहीत. करोनात सरकारनं पगाराचे 80 टक्के दिले तेव्हा टीप त्यात धरलीच नाही, आणि सोळा पौंड कमावतो असं समजणाऱ्या वेटरला आपला खरा पगार किती आहे ते पहिल्यांदा कळलं.

टीपलाच पगार म्हणायची ही रीत किती खोल जाऊ शकते हे मुंबईकरांना सांगायची गरज नाही. कोकणातले खलाशी आणि गोव्याचे तारवटी ब्रिटिश जहाजांवर गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या पगारावर पिढ्यान्पिढ्या राबले. 2012 मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांत छापून आलं की पी अँड ओ क्रूझेसच्या जहाजांवरच्या भारतीय कामगारांचा मूळ पगार तासाला 75 पेन्स पडतो, बाकीचं टीपवर. त्याच सुमारास आर्केडिया जहाजावरच्या दीडशेच्या आसपास भारतीय वेटरांना कंपनीनं पुन्हा कामावर न घेण्याचं ठरवलं, कारण सिअ‍ॅटल बंदरात त्यांनी पगाराबद्दल शांतपणे निषेध केला होता. ही मुंबईतून भरती केलेली पोरं होती. साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या जहाजावर जेवण वाढणारा आणि साउदॅम्प्टनच्या हॉटेलात जेवण वाढणारा यांच्यात फरक फक्त जहाजाच्या झेंड्याचा. मार्च 2022 मध्ये पी अँड ओ फेरीज या वेगळ्या मालकीच्या कंपनीनं 786 कामगारांना एका दिवसात काढलं, आणि त्यांच्या जागी आणलेल्यांना तासाला सरासरी साडेपाच पौंड देतो, असं कंपनीच्या प्रमुखानं संसदेच्या समितीपुढे सांगितलं. तेव्हाचं किमान वेतन 8.91 होतं. शिक्षा कुणालाही झाली नाही.

सरकारही या लुटीत हात धुऊन घेतं. 12,570 पौंडांपर्यंत कर नाही, ही मर्यादा 2021 पासून गोठवलेली आहे. तेव्हा किमान वेतनावर आठवड्याला साडेसदतीस तास काम करणारा वर्षाला सुमारे 960 पौंड आयकर भरत होता. 2026 मध्ये तो सुमारे 2,440 भरतो. देशातल्या सर्वांत कमी पगाराच्या धंद्यातल्या सर्वांत खालच्या माणसाचा कर अडीच पट झाला, आणि त्याच सरकारचे मंत्री वेतनवाढीचं श्रेय घेत फिरतात. कर आणि इन्शुरन्स कापून, पेन्शनच्या कपातीआधी, त्याच्या हाती महिन्याला साधारण 1,780 पौंड येतात. हाउन्स्लो-साउथॉलच्या बाजूला घरातली एक खोली सात-आठशेला पडते. उरलेल्यात प्रवास, जेवण, फोन आणि गावाला पाठवायचे पैसे.

आणि कायद्याचा दंडुका कुणावर चालतो ते पाहा. कागदपत्रांशिवाय एक माणूस कामावर सापडला तर मालकाला पहिल्याच वेळी 45,000 पौंडांपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर 60,000. कागदपत्रं असलेल्या माणसाची मजुरी बुडवली तर बुडवलेल्या रकमेच्या दुप्पट दंड, माणशी जास्तीत जास्त 20,000, आणि चौदा दिवसांत भरला तर तोही निम्मा. माणूस परका आहे हा या राज्याच्या नजरेत मोठा गुन्हा, माणूस लुटला गेला हा छोटा. 2018 मध्ये सरकारनं मजुरी बुडवणाऱ्यांची यादी छापली, त्यात वागामामाचं नाव होतं: 2,630 कामगारांचे 1,33,212 पौंड. कारण काय, तर गणवेशाचे कपडे कामगारांनी स्वतःच्या पैशानं आणायचे. मॅरियट आणि टीजीआय फ्रायडेज त्याच यादीत होते. हे मोठे, वकील आणि हिशेबनीस बाळगून असलेले. मग मागच्या गल्लीतल्या हॉटेलात काय चालत असेल?

काय चालतं ते मी सांगते, कारण ते आपलंच आहे. नाशिक, सांगली, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथून मुलं एक वर्षाच्या मास्टर्सला येतात. आईबापांनी घर नाहीतर जमीन तारण ठेवलेली असते. व्हिसाच्या अटीनं त्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. तो मुलगा आपल्या भाषेची पाटी पाहून आपल्या माणसाच्या हॉटेलात शिरतो. मालक प्रेमानं बसवतो, चहा पाजतो, गाव विचारतो. मग आठवडाभर ट्रायल म्हणून फुकट राबवतो. मग सांगतो: तासाला सहा पौंड, रोख, पेस्लिप नाही, पण तास हवे तेवढे देतो, तू आपलाच माणूस आहेस. मुलगा खूश होतो. वीसऐवजी चाळीस तास करतो. आता हिशोब करा. सहानं चाळीस तासांचे 240 पौंड. कायद्याच्या दरानं वीस तासांचे 254 पौंड 20 पेन्स. दुप्पट राबून तो चौदा पौंड कमी घेऊन घरी जातो, अभ्यास बुडतो, आणि वर व्हिसाची अट मोडली म्हणून आयुष्यभर त्या मालकाच्या धाकात राहतो. पकडला गेला तर विमानात बसवतील त्याला, मालकाला नाही. जमीन जाईल त्याच्या बापाची.

याला मदत म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाला मी तोंडावर चोर म्हणते. भाषा एक आहे, गाव शेजारचं आहे, दुकानात शिवाजी महाराजांची तसबीर आहे, म्हणून मजुरी बुडवण्याचा गुन्हा कमी होत नाही. उलट वाढतो, कारण त्या पोरानं अनोळखी देशात तेवढ्याच भरवशावर दार उघडलेलं असतं.

व्हिसावर आणलेल्या आचाऱ्यांची गत वेगळ्या तऱ्हेनं वाईट. पगार बँकेत जमा करायचा आणि त्यातला हिस्सा रोख परत मागायचा, ही युक्ती या धंद्यात सर्वांना माहीत आहे. आचारी बोलत नाही, कारण नोकरी सुटली की नवा प्रायोजक शोधायला साधारण साठ दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. 22 जुलै 2025 पासून व्हिसाची पात्रता पदवीच्या पातळीवर नेली आणि आचारी त्यातून बाहेर पडले, म्हणजे भारतातून नवा आचारी आणता येत नाही. मालक म्हणतात, माणसं मिळेनात. मिळतील कशी? इथे शिकवून, पायऱ्या चढवून, पगार वाढवत आचारी घडवायचं काम तुम्ही तीस वर्षं केलं नाही. प्रत्येक वेळी दुसरा, जास्त अडलेला माणूस आणला.

गिऱ्हाईक म्हणून आपणही कमी नाही. गणपतीच्या दोनशे पानांसाठी केटरिंगवाल्याशी पानामागे पन्नास पेन्सची घासाघीस करणारे लोक मी पाहिले आहेत. हॉलचं भाडं, ढोलताशाची बिदागी, पाहुण्या कलाकाराचं विमानाचं तिकीट, सगळं बिनबोभाट दिलं जातं. पन्नास पेन्स कापले जातात ते पहाटे चारपासून पुऱ्या लाटणाऱ्या बाईच्या हातून.

मालकांचा खर्च खरा आहे, हेही मला माहीत आहे. छोट्या हॉटेलवाल्याला वीस टक्के व्हॅट आहे, वीज आहे, नवा इन्शुरन्स आहे. घरपोच जेवण पोचवणारी अ‍ॅप बिलाच्या तीस टक्क्यांपर्यंत घेतात. जागामालक भाडं वाढवतो. पण या जागामालकाविरुद्ध, या अ‍ॅपविरुद्ध मालकांची आरडाओरड मला तेवढ्या जोरात ऐकू आलेली नाही. तिथे ते निमूट भरतात, कारण समोरचा बलवान आहे. जो बिल घेऊन दारात उभा राहू शकत नाही, त्याच्याच हिश्शातून कापतात. कामगाराला पूर्ण मजुरी देऊन जो धंदा चालत नाही, तो बंद झाला तर मला दुःख होणार नाही.

कामगार बलवान का नाही? कारण या धंद्यात शंभरातले पाचसुद्धा युनियनमध्ये नाहीत. आणि हे आपण, मुंबईची माणसं, चालवून घेतो. ज्या मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी पन्नासच्या दशकात हॉटेलातल्या पोऱ्यांना एकत्र केलं, त्या शहरातून आलेली मंडळी इथे युनियन म्हटलं की व्हिसाला धोका होईल म्हणून घाबरतात. युनियनचं सभासद होणं हा इथे कायदेशीर हक्क आहे, व्हिसावर असलात तरीही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, त्याचं भवन डॉलिस हिलमध्ये आहे. त्याच भागात, डॉलिस हिल स्टेशनजवळ, 1976 ते 1978 ग्रनविक कारखान्यातला संप झाला. जयाबेन देसाई आणि त्यांच्याबरोबरच्या साडी नेसलेल्या गुजराती बायका दोन वर्षं फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. त्या हरल्या. ऑगस्ट 2005 मध्ये हीथ्रोवर विमानातलं जेवण तयार करणाऱ्या गेट गोरमे कंपनीनं सुमारे 670 कामगारांना काढलं, त्यात बहुसंख्य साउथॉलच्या पंजाबी बायका होत्या. त्यांच्यासाठी ब्रिटिश एअरवेजच्या कामगारांनी काम थांबवलं आणि विमानं जमिनीवर राहिली. गुजराती बायका लढल्या, पंजाबी बायका लढल्या. आपल्या मंडळांच्या सभागृहांत नाट्यसंगीत होतं, पाककृती स्पर्धा होतात, पण पेस्लिप कशी वाचायची हे विद्यार्थ्यांना सांगणारी एक रविवार सकाळ होताना मी पाहिली नाही.

2025 च्या शेवटी संमत झालेल्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टमध्ये वृद्धांची आणि आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या कामगारांसाठी वेतन ठरवणारं मंडळ आहे, शाळांतल्या सहायकांसाठी आहे. हॉटेल कामगारांसाठी नाही. जे बेव्हिननं महायुद्धात दिलं ते शांततेच्या काळात द्यायला या सरकारची तयारी नाही. ते मंडळ मिळालं पाहिजे, त्यात स्वयंपाक्याच्या, वेटरच्या, खोल्या आवरणारीच्या पायऱ्या लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि इथे मत असलेल्या प्रत्येक मराठी माणसानं आपल्या खासदाराला ते विचारलं पाहिजे.

तोवर हातात आहे ते वापरा. बाहेर जेवायला गेलात तर वेटरला विचारा, सर्व्हिस चार्ज तुला मिळतो का. व्यवस्थापकाला ऐकू जाईल असं विचारा. महाराष्ट्रातल्या आईबापांनो, पोरगा फोनवर नोकरी लागली म्हणाला तर पहिला प्रश्न पेस्लिप मिळते का हा विचारा. आणि पोरांनो, रोज किती वाजता आत गेलात आणि किती वाजता बाहेर पडलात ते वहीत लिहा, रोटाचा फोटो काढा, मालकाचे निरोप पुसू नका. अ‍ॅकास या कामगार-सल्ला संस्थेचा सल्ला मोफत मिळतो आणि नावही सांगावं लागत नाही. कायदेशीरपणे केलेल्या कामाची बुडवलेली मजुरी सरकारी यंत्रणेमार्फत सहा वर्षं मागे जाऊन वसूल होते, आणि ती जुन्या दरानं नाही, आजच्या दरानं मोजून द्यावी लागते.